अक्काच्या बाजेएवढी गाडी

सकाळी सहाला पुण्यातून निघालो तेव्हा बायकोनं गॅलरीतून हात केला नाही, नुसतं विचारलं, "टेप घेतलीत का?" मी खिशावर थाप मारून दाखवली. भूमापन खात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस एखादवेळी पाकीट विसरून घराबाहेर पडेल, मोजपट्टी विसरून पडणार नाही. लोकांच्या शेताच्या हद्दी, विहिरींच्या कडा, बांधांची वळणं मी आयुष्यभर मोजली. आता निवृत्तीनंतर एक शेवटचं माप माझ्याकडं आलं होतं आणि ते अगदी घरचं होतं.

गेवराई तालुक्यात तलवाड्याच्या पुढं शेतातल्या वस्तीवर माझी थोरली बहीण राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. वय त्र्याहत्तर, जीभ पंचविशीतली. तिचा उजवा गुडघा वर्षभरापासून वाकायला नाही म्हणतो. पावसाळ्यानंतर एकदा तिला बीडच्या डॉक्टरकडं नेण्यासाठी भाच्यानं, सुरेशनं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाज टाकली, बाजेवर अक्काला निजवलं आणि बाजूला खताची पोती लावली, हलू नये म्हणून. तलवाड्याच्या बाजारातून ती वरात गेली. सगळं गाव बघायला आलं. तेव्हापासून अक्कानं घर सोडलं नव्हतं. डॉक्टरनं त्यानंतर दिलेल्या दोन तारखा तिनं बुडवल्या होत्या.

"पोत्यासंगं पोतं करून नेलं मला," ती फोनवर म्हणाली. "आता जाईन तर माझी मी गाडीत बसून जाईन. न्हाईतर न्हाई."

"रुग्णवाहिका बोलवू?"

"ती दारात आली की लोक रडायला येतेत."

शेजाऱ्याची जीप होती, पण तिची पायरी उंच. माझी गाडी खालची. पंचवीस वर्षांची, निळी, कधीकाळी डौलदार. आता भारानं आणि वयानं जमिनीशी फार सलगी करणारी. गेल्या वर्षीच्या दिवाळीला अक्काच्या वस्तीकडं जाताना चाकोरीच्या मधल्या उंचवट्यानं माझा सायलेन्सर काढून ठेवून घेतला होता. म्हणजे गाडी उचलायला हवी होती. एकतर रस्त्यासाठी, दुसरं अक्कासाठी.

"किती उंच सीट लागेल तुला?" मी विचारलं.

तिनं फोन खाली ठेवला. सुनेला काहीतरी सांगितल्याचा आवाज आला. मग परत आली. "माझ्या बाजेएवढी. तिच्यावर माझी मी बसते, माझी मी उठते. अडीच वीत हाय. वर न्हाई, खाली न्हाई."

मी वहीत लिहिलं: अडीच वीत. वीत म्हणजे नऊ इंच, हे मला झोपेतही सांगता येतं. साडेबावीस इंच. खाली जाऊन गाडीची सीट मोजली तर एकोणीस. साडेतीन इंच कमी. मी गणित रेघेखाली मांडलं, रेघ पट्टीनं मारली आणि बायकोला वाचून दाखवलं. अक्काची नवी तारीख बुधवारची, अकरा वाजता. मी सोमवारी निघालो.

नगर ओलांडून कड्याला भजी खाल्ली. आष्टी गेलं, जामखेड गेलं, आणि मग रस्ता बालाघाटाच्या माळावर चढला. दिवाळी नुकती होऊन गेलेली. कडेला सीताफळांच्या पाट्या मांडून बायका बसल्या होत्या. त्यांच्यामागं डोंगर, डोंगरावर पिवळं पडत चाललेलं गवत. एका गतिरोधकावर गाडीचं पोट करकरलं. तिथंच बसलेल्या बाईनं मान वर केली.

"गाडी बसलीय का वो तुमची?"

"नाही, तशीच आहे ती."

"मंग उठवा की तिला," असं म्हणून तिनं माझ्या पिशवीत दोन फळं जास्तीची टाकली. रुग्णासाठी नेतात तशी.

मांजरसुंब्याला रबडी खाल्ली. प्रवासवर्णन लिहिणाऱ्यानं एक वाटी खाऊन थांबायचं असतं, मी थांबलो नाही. मग घाट उतरलो आणि दुपारी बीडमध्ये शिरलो.

हमीदचाचांचं दुकान बार्शी नाक्याच्या पुढं, कडुलिंबाच्या सावलीत. सुरेशनं पत्ता दिला होता. बाहेर टायरांच्या उतरंडी, आत एक लोखंडी बाकडं, आणि दारात सिमेंटची लांबलचक गुळगुळीत फरशी, जिच्यावर खडूच्या इतक्या रेघा होत्या की एखाद्या शाळेचा फळा आडवा टाकलाय असं वाटावं. चाचा सत्तरीचे. डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि विचारलं, "काय करायचं?"

मी छाती काढून सांगितलं, "मोठी चाकं बसवायची. पंधरा इंची रिम." माझ्या मनात एक चित्र होतं. आमच्या सोसायटीतल्या एका तरुणानं आपल्या गाडीला चकाकती, ताऱ्यासारख्या आऱ्यांची चाकं लावली होती. ती पाहिल्यापासून मला वाटायचं की गाडीचं वय चाकांवरून कळतं. उंचीचं कारण अक्काचं होतं, पण तारे माझे होते.

चाचांनी आतून तसलंच एक चाक गडगडवत आणलं. मी खूश. मग त्यांनी माझ्या गाडीचं मागचं एक चाक खोललं, तेराच्या रिमचं, जुनं, गबदुल. दोन्ही चाकांना खडूनं एकेक खूण केली, फरशीच्या टोकाला खूण खाली करून उभी केली.

"चक्के कू पूछना पडता साब," ते म्हणाले. (चाकालाच विचारावं लागतं.) आणि त्यांनी जुनं चाक हळूहळू ढकललं. खूण वर गेली, फिरून खाली आली, तिथं फरशीवर रेघ मारली. मग चकाकतं चाक तसंच एक फेरा फिरवलं. त्याची खूण जिथं टेकली तिथं रेघ मारायला गेले आणि थांबले. दोन्ही रेघांमध्ये बोटभरही अंतर नव्हतं.

"बघा. लोखंड मोठं, रबर पातळ. गाडी हाय तिथंच राहणार. फक्त खड्डा लागला की डायरेक्ट कमरेत कळंल. शान करायची का उंची?"

अठ्ठावीस वर्षं मोजणीच्या साखळ्या ओढलेला मी, घेरावरून उंची काढायची असते हे एका खडूच्या रेघेवर शिकलो. "उंची," मी म्हणालो. ताऱ्यांकडं पाहायचं टाळलं.

मग चाचांनी चौदाची साधी लोखंडी रिम आणि तिच्यावर जाड गालाचं, बाजूंना भरपूर रबर असलेलं टायर आणलं. फरशीवर फिरवलं. या चाकाची रेघ वीतभर पुढं गेली. त्यांनी मनातल्या मनात काही मोडलं-जोडलं आणि सांगितलं, "याच्यानं एक इंच उठंल. थोडी वरच. तुमाला किती पायजे?"

"साडेतीन."

चाचांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "साडेतीन? कावून?" (कशाला?) "नदीत घालायची का?"

मी अक्काची सगळी गोष्ट सांगितली. बाज, गुडघा, ट्रॉली. ऐकताना त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. शेवटी मी वही उघडून गणित दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बालिश्त (वीत) कोणाच्या हाताची?"

"वीत म्हणजे वीत चाचा. नऊ इंच. सरकारी माप आहे."

"हौ," ते म्हणाले. त्या होकारात फारसा जीव नव्हता. "तुमी मोजणीवाले. आमी टायरवाले."

एक इंच टायरांचा. उरलेल्यासाठी त्यांनी स्प्रिंगांच्या खाली रबरी गुटके, म्हणजे ठोकळे, घालायचं ठरवलं. त्याहून जास्त नाही, हे मात्र त्यांनी पक्कं सांगितलं. जास्त केलं तर वळणावर गाडी डोलेल आणि ब्रेकला शिव्या खाव्या लागतील. काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालणार होतं. मंगळवारी जेवणाच्या वेळी त्यांच्या घरून डबा आला आणि त्यांनी मला हाताला धरून बाकड्यावर बसवलं. मसुराची पिवळी खिचडी आणि खट्टा (चिंच, तीळ, शेंगदाणे घालून केलेलं आंबट पातळ कालवण). खट्टा मी आधी चमच्यानं चाखला, मग वाटीनं प्यायलो.

"लोक गाडी उठवतेत ती दाखवायला," चाचा जेवता जेवता म्हणाले. "बहिणीला बसायला उठवली म्हणणारे तुमी पयले."

मला फार बरं वाटलं. माणसाला बरं वाटतं तेव्हा तो पुन्हा मोजून बघत नाही.

दुपारी गाडी खाली उतरवली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरलेल्या बाईसारखी दिसत होती. सगळी तीच, फक्त पाय नवे. मी टेप लावली. सीट बावीस इंच. अर्धा इंच कमी, तेवढा अक्का समजून घेईल. चाचांनी निघताना बजावलं, "काटा पन्नास बोलला तर गाडी पंचावन्नवर हाय समजायचं, चाक मोठं झालं. आन् उजवीकडं पूर्ण कापू नका. डावीकडचा मडगार्ड आधीच आत हाय, टायर घासंल." तो मडगार्ड मीच कधीतरी एका विजेच्या खांबाला भेटवला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

बीड सोडून गेवराईच्या वाटेला लागलो. काळी रानं, पांढरी बोंडं. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या कमरेला बांधलेल्या ओट्या फुगलेल्या. उंच बसल्यामुळं मला बांधापलीकडचं दिसत होतं आणि मी प्रत्येक गतिरोधक मुद्दाम मधोमध घेत होतो. एकदाही आवाज आला नाही. पहिल्यांदाच गाडी चालवतोय असं वाटत होतं.

तलवाड्याच्या बाजारात मात्र अडकलो. वस्तीचा रस्ता उजवीकडं जातो, वळण अरुंद, आणि पूर्ण कापल्याशिवाय गाडी आत जात नाही. कापली की टायर मडगार्डाला घासून एखाद्या म्हशीनं रेकावं तसा आवाज. मी मागं घेतली, पुढं घेतली, पुन्हा मागं घेतली. पानटपरीवर तिघेजण उठून उभे राहिले.

"काका, उजवीकडं वळत न्हाई का?"

"थोडी थोडी वळते."

"कोन्या पार्टीची हाय?" दुसरा म्हणाला.

"अजून ठरलं नाही," मी म्हणालो. तिघांनी हसत हसत गाडीच्या मागं हात लावला. शेवटी डावीकडं वळून, देवळाला वळसा घालून, तीन डावी वळणं घेत मी उजवीकडच्या रस्त्याला लागलो. टपरीवाले तिथंही दिसले. त्यांनी मला नमस्कार केला.

मग चाकोरी आली. मागच्या वर्षी सायलेन्सर खाल्लेला तो उंचवटा दोन चाकांच्या मधून सरकला आणि गाडीच्या पोटाला शिवला नाही. मी काच खाली करून त्याच्याकडं पाहिलं.

अक्का अंगणात बाजेवर बसली होती. इरकली लुगडं नेसलेली, काठी बाजूला. तारीख उद्याची होती, पण तिला आजच बसून बघायचं होतं. सुरेशनं दार उघडून धरलं, त्याची बायको मंदा पाणी आणायला गेली. अक्का उठली, काठी टेकत आली, गाडीकडं पाठ केली आणि रोज बाजेवर टेकते तशी मागं टेकली.

तिच्या मांड्यांना मागून सीटची कड लागली. सीट तिच्या टेकण्यापेक्षा वर होती.

तिनं पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तिनं टाचा उचलल्या, आणि गुडघ्यातून कळ गेलेली मला तिच्या ओठांवरून दिसली. ती तशीच दाराला धरून उभी राहिली.

"बापू, ही किती केलीस?"

"अडीच वीत. जवळजवळ."

"कोणाच्या?"

 ती वळली, सीटच्या कडेपासून जमिनीकडं वितीनं मोजत खाली आली. खालपर्यंत वाकवेना म्हणून शेवटचं माप मंदानं पुरं केलं. तीन वीत आणि वर एक बोट. मग अक्कानं माझा हात धरला आणि आपला पंजा माझ्या पंजावर ठेवला. तिची बोटं माझ्या बोटांच्या शेवटच्या पेरापर्यंतही पोचत नव्हती. संधिवातानं टोकाशी थोडी वळलेलीही होती. लहानपणी याच हातानं ती मला विहिरीतून वर ओढायची, आणि मला तो हात कायम माझ्यापेक्षा मोठा वाटत आला होता.

मी टेप काढली. तिची वीत सात इंच. अडीच वीत म्हणजे साडेसतरा. गाडी मुळात एकोणीस होती. तिच्या वजनानं गादी दबली असती तर फरक उरलाच नसता. एवढा खटाटोप करून मी तिला बसता येणारी गाडी बसता न येणारी केली होती.

"पाट ठिवू का खाली, आई?" सुरेशनं विचारलं.

"पाटावर चढता आलं असतं तर जीपमधीच बसले असते की."

मग ती कोणाचाही हात न धरता बाजेवर परत गेली आणि इरकलीचा पदर घडी करून मांडीवर ठेवला.

संध्याकाळी बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी असं जेवण झालं.  हात धुताना अक्का एवढंच म्हणाली, "उद्या डॉक्टरला फोन कर सुरेश. येत न्हाई म्हणावं." सुरेश मला गोठ्यापर्यंत घेऊन गेला. "मामा, ही तिसरी तारीख हाय. डॉक्टर म्हणलेत, गुडघा असाच राहिला तर आखडून जाईल. मंग काठीनं सुदिक चालता येनार न्हाई. आन् ही दुसऱ्या कशात बसायची न्हाई." त्यानं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, सकाळी बीडला जाऊन गुटके काढून आणतो. दोघांनीही मनात हिशेब केला. बीडला जायचं, काम करायचं, परत यायचं. अकरा वाजून गेले असते.

सकाळी उजाडता उजाडता अक्कानं हाक मारली. मी बाहेर आलो तर ती बाजेवर उठून बसलेली.

"दादा गाडीत जातं कसं भरायचे, आठवतं का तुला?"

दादा म्हणजे आमचे वडील. मला आठवत नव्हतं. बैलगाडी सुटली तेव्हा मी लहान होतो.

"चाकाखाली चर घ्यायचे. गाडी खाली जायची. जातं उचलायचं न्हाई, नुसतं सरकवायचं. मी लाकडं भरताना पन पाहिलंय." तिनं काठीनं अंगणात दोन रेघा ओढल्या. "एवढ्याच बाजूची दोन चाकं खाली घाल. गाडी माझ्याकडं वाकंल. आन् पुढून उतार ठिव, न्हाईतर निघायची न्हाई."

 हे कालच सुचलं असतं तर, असं मी म्हणणार होतो.

"रातभर विचार केला," ती म्हणाली. "तुझ्यावर चिडले व्हते, म्हनून लवकर सुचलं न्हाई."

सुरेश कुदळ घेऊन आला. अक्कानं काठी आडवी धरली. "न्हाई. त्यानं वाढवलंय, त्यानंच कमी करायचं."

मग मी खोदलं. काळी माती दिवाळीनंतर वरून दगडासारखी आणि खालून लोण्यासारखी. चौसष्टाव्या वर्षी कुदळ हातात घेतली की माणसाला आपल्या सर्व हाडांची नावं कळतात. मी टेप काढली तेव्हा अक्का म्हणाली, "ठिव ती." मी ठेवली. खोली तिच्या हातानं मोजायची ठरली. मंदा चरात काडी उभी करायची, काडी अक्काच्या हातात द्यायची, अक्का बोटं लावून सांगायची, अजून एक बोट. अजून अर्धं. दोन्ही चर झाले, पुढच्या बाजूला मी उतार दिला, आणि उतार एकसारखा झाल्याची मनातल्या मनात नोंदही केली. तेवढं माझ्या खात्यानं मला शिकवलं होतं.

गाडी पुढं घेतली. डावीकडची दोन्ही चाकं चरात उतरली आणि गाडी अक्काच्या बाजूला कलली, एखाद्या म्हाताऱ्या माणसानं ऐकू यावं म्हणून कान पुढं करावा तशी. सुरेशनं दार उघडलं. अक्कानं गाडीकडं पाठ केली, काठी मंदाकडं दिली आणि मागं टेकली.

बसली.

एक क्षण तशीच, पाय बाहेर, हात मांडीवर. मग डावा पाय उचलून आत घेतला आणि उजवा दोन्ही हातांनी धरून आत ठेवला. कोणी हात लावला नव्हता. तिनं आमच्या तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"आता कावून उभे? साडेआठ झाले."

गाडी उतारावरून अलगद बाहेर निघाली. उंचवटा आला तेव्हा मी गाडी हळू करून कान टवकारले.

"काय झालं?"

"ऐकतोय. खाली घासतंय का."

"न्हाई घासत," ती म्हणाली. "एवढं एक नीट केलंस."

तलवाड्याच्या बाजारात तिनं काच खाली घेतली. पानटपरीवरच्यांनी तिला ओळखलं. "अक्का, बीडला का?" "हौ. डॉक्टरकडं चाललेय," तिनं सांगितलं, आणि मला म्हणाली, "हळू घे." मी इतकी हळू घेतली की मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. ती सगळ्या बाजाराला दिसेपर्यंत तिनं काच वर केली नाही.

बीडला दवाखान्याच्या दारात नवी अडचण. इथं चर कोण खणू देणार? पण दारापाशी चाकाच्या खुर्चीसाठी केलेला सिमेंटचा उतार होता आणि तो पाहताच माझ्यातला मोजणीदार जागा झाला. उतार म्हणजे शून्यापासून वर जाणारी प्रत्येक उंची. आपल्याला हवी ती निवडायची. खालून पाच हातांवर तो बरोबर साडेचार इंच उंच होता, गाडीच्या बावीसातून अक्काचे साडेसतरा वजा केले की उरतात तेवढा. तिथं अक्काचं दार यायला हवं. उजवीकडं वळता येत नसल्यामुळं तिथवर पोचताना आवाराच्या माझ्या दोन फेऱ्या वाया गेल्या. तिसऱ्या फेरीला रखवालदार आडवा आला.

"इथं गाडी लावत न्हाईत."

"लावत न्हाई बाबा, उतरतेय," अक्कानं आतून सांगितलं. "दोन मिनिटं दम धर."

त्यानं दम धरला. अक्कानं दोन्ही पाय बाहेर घेतले, उतारावर टेकवले आणि उठून उभी राहिली. रखवालदाराला काय वाटलं कोण जाणे, त्यानं टोपी काढून हातात घेतली. ती काठी टेकत आत गेली. घड्याळात अकराला दहा कमी होते.

डॉक्टरांनी गुडघा बराच वेळ पाहिला, फोटो काढले. अजून वेळ गेलेली नाही, शस्त्रक्रिया करून टाकू, असं म्हणाले. संक्रांतीनंतरची तारीख दिली. अक्कानं एकच प्रश्न विचारला: त्यानंतर खाली मांडी घालून बसता येईल का? डॉक्टर म्हणाले, मांडी नाही, पण खुर्चीवर, बाजेवर, गाडीत कशातही. "कशातही," अक्कानं माझ्याकडं बघून म्हटलं.

तिला वस्तीवर सोडून, एक दिवस कुदळीनं दुखलेलं अंग बरं करून, मी परत निघालो. बीडमध्ये चाचांकडं थांबलो. ते मडगार्डची कड हातोडीनं आत वळवत होते तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "आमी विचारलं व्हतं."

"विचारलं होतं चाचा."

"गुटके काढू?"

मी त्या चाकोरीचा विचार केला, संक्रांतीनंतरच्या तारखेचा केला. "राहू द्या," म्हणालो. चाचांनी मान हलवली आणि गाडीवर दोनदा थाप मारली. आता ती उजवीकडंही वळते.

लिंबागणेशला दर्शनाला उतरलो. देवळाबाहेरच्या फुलवाल्यानं हार आणि लिंबं पुढं केली. "नवी गाडी का?"

"गाडी जुनी. चाकं नवी."

त्यानं गाडी खालून वर पाहिली. "मंग चाकापुरती पूजा करा," आणि हार ठेवून देऊन चार लिंबं मोजून दिली. मी ती चाकांखाली ठेवली आणि गाडी पुढं घेतली. मोठ्या चाकाखाली लिंबू फुटल्याचं कळतही नाही.

पुण्यात पोचलो. बायकोनं गाडीकडं पाहिलं, मग माझ्या हातावरच्या फोडांकडं, आणि विचारलं, "माप बरोबर आलं का?" मी म्हणालो, आलं, पण तिच्या हातानं.

आठवड्यानं सुरेशचा फोन आला. मंदानं अंगण सारवायला काढलं तेव्हा चर बुजवू का म्हणून विचारलं, तर अक्कानं काठी उगारली. आता चरांवर फळी टाकून ठेवलीय, कोंबड्या जाऊ नयेत म्हणून. अठ्ठावीस वर्षांत मी शेकडो हद्दी आखल्या आणि अशी एक आठवत नाही जिच्यावर कोणी ना कोणी हरकत घेतली नाही. दगड रोवून मी पाठ फिरवली की शेजारी तो उपटायचा. माझ्या बहिणीच्या अंगणातले ते दोन चर मात्र ती राखून बसली आहे.